दीड हात दोरी

रफूवालीच्या दुकानातली कात्री टेबलाच्या पायाला बांधलेली असे. दोरी दीड हात लांब. पुढ्यातल्या कापडापर्यंत पोचायची, त्यापुढे नाही.

समोरचा चष्मेवाला दिवसातून एकदा तरी विचारायचा, "काय हो ताई, कात्री कुणाचा हात धरून पळून जाते का?"

"तुमची नजर बरी नाही म्हणून बांधलीय," ती मान वर न करता म्हणायची.

ती एकसष्ट वर्षांची होती. त्यातली चव्वेचाळीस वर्षं याच खुर्चीत गेलेली. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि त्याच धाग्याने भोक विणून बुजवायचं, असलं डोळे जाळणारं काम. संध्याकाळ झाली की मानेपासून कमरेपर्यंत सगळं जडशीळ व्हायचं. डाव्या डोळ्याला तर हल्ली काळा आणि निळा धागा सारखेच दिसत. म्हणून तिने धाकट्या भावाला बोलावून घेतलं. तो चौपन्नचा, पडदे शिवायच्या कारखान्यातली नववी नोकरी सोडून घरी बसलेला. हात सफाईचा. तो टिकला तर दुकान टिकणार, नाहीतर येत्या वर्षात दाराला कुलूप. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

धाकट्याने पहिल्याच दिवशी दुसरी कात्री मागितली. तिने दिली, दोरीसकट. त्याने दोरी सोडून खणात टाकली.

"ताई, हे काय गायीला बांधल्यासारखं! हात अडकतो माझा."

तिने मान पुन्हा कापडावर वाकवली. बोलायचं म्हटलं असतं तर फार मागून सुरुवात करावी लागली असती, आणि तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

बारा दिवस बरे गेले. तेराव्या दिवशी एक गृहस्थ करड्या कोटाची बाही नाचवत आले. "रफू म्हणता याला? आंधळ्यालासुद्धा हाताला लागेल!" काम धाकट्याचं होतं आणि रफू दिसतच होता. हे रफूवालीला दिसत होतं. तिला त्याचे कानही दिसले. आधी पाळ्या लाल, मग वरपर्यंत सगळा कान, चूल पेटल्यासारखा.  ती खुर्चीवरून उठेपर्यंत धाकट्याने कात्री भिरकावली होती. कोपऱ्यातल्या आरशाचे तीन तुकडे झाले. गृहस्थ कोट उचलून निघून गेले. समोरून चष्मेवाला धावत आला आणि रफूवालीचं तोंड बघून आल्या पावली परतला.

धाकट्याने काचा गोळा केल्या, डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या.

"निघालास?"

"मग काय करू? ही दहावी. खोड माझी आहे, तुझं दुकान कशाला बुडवू?"

असा जायला तो मावशीकडे शिकला होता. मावशीचं घर शांत. तिथे कुणी आवाज चढवत नसे. पोर तापलं की त्याला खोलीत पाठवायचं आणि दार ओढून घ्यायचं. नऊ नोकऱ्या त्याने तशाच सोडल्या होत्या, आरडाओरडा न करता, दार ओढून घेऊन.

"मावशीने फुलासारखं वाढवलं," तो दारात उभा राहून म्हणाला. "आपले बाबा तर देवमाणूस, आई सांगायची, मुंगीलाही दुखवलं नाही. मग माझ्यातच हे कुठून आलं? माझ्यातच काहीतरी सडकं आहे, ताई."

आईला वचन दिलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. बाबा नुकतेच गेले होते. धाकट्याला कळू द्यायचं नाही, आईने हात धरून सांगितलं होतं. आई गेल्यापासून घरात ते माहीत असलेली ती एकटीच उरली होती, आणि एकटीनेच आठवत राहण्याचा तिला आता विलक्षण शीण आला होता.

"बस," ती म्हणाली. "चपला राहू दे पायात, पण बस."

तो स्टुलावर टेकला.

"आईच्या भुवईवर व्रण होता ना? ती सांगायची खिडकी लागली म्हणून. खिडकी नव्हे. ही कात्री. याच टेबलावरून बाबांनी फेकलेली. तू आठ महिन्यांचा होतास, तिच्या मांडीवर. चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी तुला मावशीकडे पोचवलं आणि आईने कात्री बांधून टाकली. बाबांनी दोरी बघितली, पण सोडली नाही."

 धाकट्याचे कान पुन्हा लाल झाले.

"त्रेपन्न वर्षं! त्रेपन्न वर्षं मी स्वतःला राक्षस समजतोय आणि तू गप्प?"

"हो. चूक झाली."

"म्हणजे हे रक्तातच आहे. खाण तशी माती. मग माझा काय दोष?"

"दोषाचं मला विचारू नकोस." तिने कानांवरून ओढलेले केस मागे सारले. तिचेही कान तापून लालबुंद झाले होते. ती म्हातारपणीही केस कान झाकून का बांधते, हे त्याला तेव्हा कळलं. "त्या माणसाने बाही नाचवली तेव्हापासून आहेत असे. माती एकच आहे रे."

"पण तू कधी फेकली नाहीस."

"कोण म्हणतं? मोजून चौतीस वेळा. पहिल्यांदा फेकली तेव्हा सतरा वर्षांची होते. दोरीने हिसका दिला आणि कात्री माझ्याच नडगीवर आली. परत आलेली कात्री उचलून लगेच पुन्हा फेकायला माणूस फार मूर्ख लागतो. मग मी कामाला बसायचे. सवयच लागली. माझ्यात शहाणपण आलं वगैरे काही नाही. मी दोरीजवळ वाढले, तू बंद दाराजवळ. एवढंच."

त्याला हसू आलं. तोंडातून मात्र हुंदक्यासारखं काहीतरी निघालं.

तिने समजूत घातली नाही. तिची पाठ दुखत होती आणि उद्या त्या करड्या कोटवाल्याच्या घरी जाऊन, माफी मागून कोट परत आणायचा होता. तिने दिव्याखाली नवं काम ओढलं आणि सुईत दोरा घालू लागली. काळा की निळा, कळेना.

"निळा आहे," तो स्टुलावरून म्हणाला.

मग खण उघडल्याचा आवाज आला. तो खाली वाकून टेबलाच्या दुसऱ्या पायाशी खटपट करत होता.

"एवढी आखूड? अगं, हात पोचायचा कसा?"

"पुढे सरकून बसायचं," रफूवाली म्हणाली. "आणि चपला काढ आधी."