शोकेसमधलं कॅनबेरा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात, तर काहीतरी वेगळंच सांगितलं असतं.

पिंप्राळ्यातल्या माझ्या घरी, हॉलच्या शोकेसमध्ये एक विमान आहे. वीतभर, धातूचं. कॅनबेरा — आपल्या हवाई दलाचं जुनं बॉम्बफेकी विमान. हातात घेतलं की वजन जाणवतं. पाहुणे ते बघून काही विचारायला लागले, की मी चहाचं काढतो.

ते मी नानांसाठी घेतलं होतं. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याकडच्या खेड्यातून हवाई दलात गेले आणि पंधरा वर्षं नोकरी केली — आचारी म्हणून. एकाहत्तरच्या लढाईत ते ज्या तळावर होते, तिथून ही विमानं उडायची. "बठ्ठा मना हातनी पोयी खाईसन उडेत," सगळे माझ्याच हातची पोळी खाऊन उडायचे, असं गावात पारावर सांगायचे आणि स्वतःच हसायचे. विमानात चढायला मात्र त्यांना कधी मिळालं नाही. त्यांच्या पेन्शनवर मी शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. त्याचा मला अभिमान आहे, आजही आहे, तो कशाला लपवू?

मॉडेल ऑनलाइन मागवलं, पत्ता ऑफिसचा दिला. टेबलावर खोकं उघडलं तर समोर आमचे साहेब. हे काय, म्हणाले. मी म्हणालो, माझे वडील या विमानात नेव्हिगेटर होते.

का म्हणालो? आचारी होते, असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? साहेबांचे वडील डॉक्टर, आजोबा वकील — तेवढंच असेल. की तेवढंही नसेल. बोललो, झालं. मग साहेब चहाला बोलावून विचारू लागले आणि मी नेटवर वाचून उत्तरं देऊ लागलो. किती उंचीवरून, आत किती माणसं, परत येताना तेल संपलं तर काय. आणि खरं सांगू? मला ते आवडत होतं. विमान नानांना द्यायचं राहून गेलं. राहून गेलं नाही — दिलं नाही. गावी गेलं असतं, तर ऑफिसात दाखवायला काय उरलं असतं?

मग घर बांधलं. वास्तुशांतीला साहेबांना बोलावणं भाग होतं. आणि नानांना... नानांना बोलवायचंच नाही, असा विचार दोन दिवस माझ्या डोक्यात होता. तोही सांगून टाकतो.

नाना आदल्या दिवशी आले. शोकेसपुढे बराच वेळ उभे राहिले. काच सरकवली, विमानाच्या नाकावरून बोट फिरवलं, "हाईच ते," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, नाना, उद्या ऑफिसचे लोक येतील, त्यांच्याशी जास्त बोलू नका. त्यांनी मान हलवली. त्यांना काय कळलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर वरण-बट्टीचं जेवण होतं. आचाऱ्याचा जोडीदार आलाच नाही, पंगत बसायची वेळ झालेली. नानांनी कुणाला न विचारता सदरा काढून ठेवला आणि बनियनवर कढईपुढे बसले. वाफवलेले बट्टीचे उंडे कापायचे, तुपात सोडायचे, लाल झाले की काढायचे. काय हात चालत होता त्यांचा! इतके खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

साहेब आले. बसता बसताच म्हणाले, "वडील कुठं आहेत तुमचे? मी तर त्यांनाच भेटायला आलोय."

नाना चार हातांवर होते. त्यांनी वर बघितलं. हातात झारा, तोंडावर हसू — उठायच्या बेतात होते.

मी म्हणालो, "नाही आले साहेब. तब्येत बरी नाही. गावीच आहेत."

नाना पुन्हा खाली बसले.

थोड्या वेळाने साहेबांनी बट्टीची तारीफ केली — महाराज, हाताला चव आहे तुमच्या. तेव्हा नाना स्वतः परात घेऊन आले. "ल्या साहेब, आखो एक ल्या." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. माझं खोटं त्यांनी सांभाळून घेतलं, माझ्याच घरात, सगळ्यांदेखत. आणि मी? मी साहेबांच्या बट्टीवर तूप वाढलं.

संध्याकाळच्या एसटीने ते गेले. पुन्हा कधी राहायला आले नाहीत. शेतीचं काम, गुडघे, काही ना काही सांगायचे. मीही फार आग्रह केला नाही.

दोन वर्षांनी नाना वारले. ऑफिसात शोकसभा ठेवली, फोटो मागितला. मी मुद्दाम तरुणपणचा, गणवेशातला दिला. म्हातारपणचा दिला असता तर साहेबांनी बट्टीवाला ओळखला असता. साहेब आकाशातल्या शौर्यावर दहा मिनिटं बोलले. मग सगळे मान खाली घालून उभे राहिले. मीही राहिलो.

मुलीच्या शिक्षणासाठी बायको सध्या पुण्याला असते. मी ऑफिसातून येतो, खिचडी लावतो, एकटाच जेवायला बसतो. आणि बसलो की एकच गोष्ट मनात येते. त्या दिवशी साहेब जेवले, पंगती उठल्या, आचारीसुद्धा हात धुऊन बसला. नाना एसटीला निघाले, त्याआधी ते जेवले होते का?

मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं.