अर्ध्या किमतीचे सभासद

दुकानदारी माझ्या रक्तात नाही. तरी चार-पाच वर्षं मी पुस्तकं विकली. चौथी शिकलेला माणूस पुस्तकं विकतो म्हणून कारखान्यात लोक हसायचे. हसू देत. त्या पुस्तकांनी माझ्या घराला खूप दिलं, आणि जिच्यामुळे दिलं ती बाई दोन वर्षांपूर्वी गेली. म्हणून आता लिहून टाकतो.

सातपूरच्या एका कारखान्यात मी हेल्पर होतो. आणीबाणी नुकतीच उठलेली. आमच्या ऑफिसातल्या कारकुनानं एक योजना सांगितली. एका प्रकाशनाचं सभासद व्हायचं, वर्षाची वर्गणी भरायची, की दर तीन महिन्यांनी अर्ध्या किमतीत पुस्तकांचं पार्सल घरपोच.

मी म्हटलं, "साहेब, पुस्तकं घेऊन मी काय करू?"

"अरे, वाचू नकोस. दुकानापेक्षा थोडी स्वस्त वीक. चहा-तंबाखूचा खर्च तरी सुटेल."

भला माणूस. त्याचा मी ऋणी आहे.

बायको सातवी पास. नामपूरची, कांद्याच्या गावची. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आणायला तिला वेळ लागत नसे. वाचायचं वेड इतकं, की साखरेची पुडी सोडून आधी कागद वाचायची. निम्मी गोष्ट वाचून झाली की वाण्याला जाऊन विचारायची, "बाकीचा कागद कुणाच्या डाळीला गेला?"

पार्सल आलं की विकायच्या आधी ती वाचणार, हे ठरूनच गेलं. हात धुऊन बसायची. पुस्तक पूर्ण उघडलं तर पाठ मोडते आणि जुनं दिसतं, म्हणून दाराच्या फटीतून बघावं तशी अर्ध्या उघड्या पानांत डोकावून वाचायची. रविवारी मी सायकलला पिशवी बांधून निघायचो. शाळेतले मास्तर, दवाखान्यातली नर्स, बँकेतले दोघे-तिघे, अशी ठरलेली गिऱ्हाइकं. मास्तर विचारायचे, "कादंबरी कशी आहे?" मला काय कळतंय? पण ती घरून चार वाक्यं पाठ करून द्यायची, ती मी म्हणून दाखवायचो. मास्तर म्हणायचे, हा हेल्पर भारी वाचतो. अक्कल तिची आणि शाबासकी मला.

एका सभासदाला दर खेपेला एकच पार्सल मिळे. धंदा वाढवायचा तर सभासद वाढवायला हवेत. मी माझं नाव घातलं, थोरल्या भावाचं घातलं, इगतपुरीला रेल्वेत असलेल्या मेव्हण्याचं घातलं, शेजाऱ्याचंही घातलं. पत्ता सगळ्यांचा आमचाच.

एकदा नर्सबाईंनी पुस्तक परत केलं. "अहो, ह्याला कैरीचा वास येतोय." बघतो तर पानावर लोणच्याच्या तेलाचं बोट. घरी येऊन मी तोंड सोडलं.

"जेवताना वाचत होतीस?"

"होते."

"आता कोण घेणार हे?"

"कुणी नको घ्यायला. मला राहू द्या. इतकी आली नि गेली, एक तरी घरात राहू द्या."

मी तापलेलो. म्हटलं, "तुझं आहे का ठेवायला? ज्याच्या नावाचं त्याचं. तुझ्या नावाचं कुठलंय, दाखव बरं."

ती हसली नाही की रडली नाही. म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. हे माझ्या भावाच्या नावाचं ना? विचारते त्याला, वाचून झालंय का म्हणून."

मला चपराक बसली. चार सभासद, आणि चौघांपैकी एकानंही पान उलटलं नव्हतं. वाचणारी घरात एकटी. पण तिचं नाव घालायचं मला सुचलं नाही, थोरल्या भावाला नाही, हुशार कारकुनालाही नाही. सभासद म्हटला की बाप्या माणूस, एवढंच डोक्यात.

नवीन वर्षाच्या फॉर्मवर मी तिचं नाव घातलं. तिला बोललो नाही. त्या नावावर जे येईल ते विकायचं नाही, हेही ठरवलं. ती पुस्तकं आज घरात आहेत. आता मीच ती ओळीखाली बोट धरून वाचतो. तेही तिनंच शिकवलं.

तिच्या नावाचं पहिलं पार्सल आलं त्या दिवशी मी सुट्टीवर होतो. आधीच्या पार्सलांवर सही माझीच असायची. पोस्टमननं दारातून तिचं पूर्ण नाव पुकारलं. ती पिठाच्या हातानं धावत आली. चेहरा पांढराफटक. "माहेरी काही झालं का हो?" स्वतःच्या नावानं टपाल म्हणजे वाईट बातमी, दुसरं तिला ठाऊकच नव्हतं.

"पार्सल आहे बाई. सही करा."

तिनं माझ्याकडे बघितलं. "ह्यांची नाही चालणार?"

"नाव तुमचं, ह्यांची सही घेऊन काय करू?"

ती आत गेली, हात धुऊन आली, आणि खाली बसून लिहायला लागली. आधी स्वतःचं नाव, मग माझं, मग आडनाव. एकेक अक्षर घोटून.

पोस्टमन म्हणाला, "बाई, सही मागितली, पत्र नाही."

"थांबा हो जरा," ती मान वर न करता म्हणाली. "पहिल्यांदाच मागितलीय कुणीतरी."

आणि तो थांबला. सायकलवर अख्ख्या कॉलनीचं टपाल होतं, तरी तिचं शेवटचं अक्षर होईपर्यंत मुकाट उभा राहिला. त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही.