मिशीआडचं भाषण

आमच्या लालबागच्या चाळीत कुजबुज हा प्रकारच नव्हता. बहुतेक घरांतले पुरुष गिरणीच्या साचेखात्यात. शेकडो साचे एकदम खडखडत कापड विणतात अशा त्या दालनात चाळिशी गाठेपर्यंत माणसाचे कान निम्मे बाद व्हायचे. त्यामुळे बोलायचं ते एकतर नाक्यापर्यंत ऐकू जाईल असं, नाहीतर अजिबात आवाज न करता. साचेखात्यात आवाजाचा उपयोग शून्य, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचायची, हातांनी बोलायची आणि ही विद्या घरी घेऊन यायची. दोन बोटांची टोकं जुळवली की धागा जोडला, साचा चालू कर. हात वर करून मनगट फिरवलं की साहेब येतोय, विडी विझव.

माझे बाबा यात पटाईत. ताईला बघायला पाहुणे आले तेव्हाची गोष्ट सांगतो. बाबा दाराशी गंभीर चेहऱ्याने बसलेले. समोरच्या गॅलरीत त्यांचे साचेखात्यातले जोडीदार. दोघांनी पाहुण्यांच्या डोक्यावरून, एक अक्षर न उच्चारता, मुलाचं नाक, त्याच्या मामाची टोपी आणि त्याच मामाने तिसऱ्यांदा मागून घेतलेले पोहे यांवर सविस्तर चर्चा केली. निघताना मामा म्हणाले, "घर फार शांत आहे हो तुमचं!" लग्न जमलं.

अशा माणसाचा मुलगा नट व्हायला निघाला. नट म्हणजे मी.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा, मधल्या वेळात मी गिरगावातल्या एका छापखान्यात नोकरी करायचो. आमच्या मंडळाने नाटक बसवलं. शत्रू दारात येऊन ठेपतो, पण म्हातारा किल्लेदार किल्ला सोडत नाही, एवढीच गोष्ट. पोलिसांनी विचारलं तर नाटक ऐतिहासिक. प्रेक्षकांना मात्र तो किल्ला म्हणजे मुंबई हे पडदा उघडायच्या आधीच ठाऊक. किल्लेदार मी. नाटक बसवणारे मास्तर गिरगावातले, तरुणपणी एका नाटक कंपनीत भालदार-चोपदाराची कामं करून आलेले. त्यांनी माझ्या ओठावर जी मिशी चिकटवली, तिच्यात चिमणीने सहज संसार थाटला असता.

पहिला प्रयोग चाळीच्या पटांगणात, पहिली पाळी सुटल्यावर. लाउडस्पीकरची परवानगी मिळाली नव्हती. बाबा सगळ्यांत पुढे बसले, दोन्ही तळहात रंगमंचाच्या फळीवर ठेवून. साचा बिघडला की त्यांच्या हाताला आधी कळायचं. नाटकही ते तसंच तपासत होते.

शेवटचं भाषण आलं. "जोवर या देहात प्राण आहे…" मी मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे उजवा हात वर नेला, मनगट झोकात फिरवलं, आणि पटांगण खदाखदा हसलं. पुढचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. विंगेत मास्तर कपाळाला हात लावून उभे.

घरी बाबांनी पानावर बसता बसता अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय रे, शत्रू दारात आणि तू सांगतंस साहेब येताहा म्हणून?"

"बाबा, ते भाषण होतं! समजलं का तुम्हाला?"

"मिशी बरी हलत होती," बाबा म्हणाले आणि भातावर आमटी ओढली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तासभर मी घसा फोडत होतो आणि समोर बसलेल्या माझ्या बापाने एक मिशी वर-खाली होताना पाहिली होती. माझे ओठच त्यांना दिसले नव्हते. आई हसत होती, मलाही हसू आलं. पुढच्या शनिवारी दुसरा प्रयोग होता. मी मनाशी ठरवलं, त्या दिवशी हे भाषण बाबांना कळलंच पाहिजे. मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, हे आधी मिळवायचं.

मी मास्तरांकडे गेलो. "मास्तर, मिशी थोडी कातरू या?"

"किल्लेदार आहेस की कारकून?" विषय संपला.

मग बाबांना म्हटलं, भाषण आत्ताच म्हणून दाखवतो, प्रयोगात ओळखीचं वाटेल. बाबा उसळले. "आधीच सांगितलंस तर बघूक कित्याक येऊ? नाटकात कळला तर कळला, नाय तर ऱ्हवला!" हट्टाच्या बाबतीत मी कोणावर गेलो ते चाळीला माहीत होतं.

आवाज वाढवून उपयोग नव्हता. डोळे मोठे करून पाहिले, तर आई म्हणाली, "ढेकूण चावल्यासारखा दिसतोस." दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत उभा होतो. समोरून जोडीदारांनी हातांनीच बाबांना विचारलं की शिमग्याला गावी येणार का. बाबांनी उताणा नव्हे, पालथा तळहात कठड्यावर दोनदा आपटला आणि अंगठा छातीला लावला. जोडीदारांनी मान हलवली. बोलणं संपलं.

"काय म्हणाले?" मी आईला विचारलं.

"रजा घेतली की बदलीवाला येऊन साचे धरतो ना. म्हणाले, साचे माझे आहेत, मी सोडत नाही."

मी जागच्या जागी उडी मारली. भाषण, अख्खं भाषण, कठड्यावर दोन थापांत संपलं होतं! मास्तरांनी त्यासाठी दीड पान लिहिलं होतं.

मास्तर ऐकून लाल झाले. "किल्लेदार काय कापड विणतो?"

"मास्तर, एकतर मिशी कातरू द्या, नाहीतर हाताने बोलू द्या."

त्यांनी डोळे मिटले. "मिशी राहील," ते म्हणाले.

शनिवारी बाबा पुन्हा सगळ्यांत पुढे, तळहात फळीवर. शत्रू दारात आला. मागच्या रांगांत काही टवाळांनी आधीच मनगटं फिरवायला सुरुवात केली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तोंडाने दीड पान चालू ठेवलं आणि शेवटच्या वाक्याला बाबांच्या नजरेला नजर देऊन किल्ल्याच्या तटावर तळहात आपटला. एकदा. दुसऱ्यांदा. अंगठा छातीला लावला.

टवाळांची मनगटं खाली आली. मग मागून कुणीतरी बाकावर दोनदा थाप मारली. मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळ्यांनी. कठडे, बाकं, जमीन, ज्याला जे मिळेल त्यावर थापा, आणि शेकडो अंगठे छातीला. माझ्या पायांखालची फळी थरथरली. बाबांनी ती थरथर तळहातांत घेतली. मग सावकाश एक हात उचलून त्यांनी अंगठा आपल्या छातीला लावला.

घरी आल्यावर ते म्हणाले, "कळला. आता ती मिशी काढ आणि पुरा बोल."

मी खोबरेल चोळून मिशी सोडवली. ओठ सोलून निघाला. दिव्याखाली त्यांच्यासमोर बसलो आणि दीड पान भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हटलं. आईने भांडी घासायची थांबवली. समोरच्या गॅलरीत जोडीदार कठड्यावर रेलून पाहत होते.

भाषण संपलं. बाबांनी दोन्ही तर्जन्यांची टोकं एकमेकांना जुळवली.

आणि मग नाक्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "तट मात्र हलत होतो हां. पुठ्ठ्याचो किल्लो, जरा हळू आपट!"