नंदूने जुळवलेला ब्रेक

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मेधाचा फोन आला. "सुधीरदा, नंदू ऑफिसात कोसळला. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण..." पुढचं तिला बोलवलं नाही. आता एप्रिल संपत आला. कौन्सिलची पत्रं, पेन्शनचे फोन, भेटायला येणारी माणसं, हे सगळं उरकताना रडायला सवडच झाली नाही. नुसता शीण साठून राहिला आहे. गेली कित्येक वर्षं आम्ही सगळे काळजी करत होतो ती मेधाची, आणि गेला तो...

इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये, नंदू माझ्या घरापासून दोन राउंडअबाउट, म्हणजे दोन गोल चौक, पलीकडे राहायचा. मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्याच्या बायकोला, मेधाला, हॉटेलच्या गाद्या सोसेनात. आणि तिला समुद्र तर बघायचा होता. म्हणून त्याने एक जुनी अमेरिकन कॅरॅव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली, आत रुंद पलंग होता तेवढ्यासाठी. माझं लायसन्स जुनं, त्यावर ट्रेलर ओढायची परवानगी आपोआप होती; त्याला मात्र ट्रेलर ओढण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागली. इथल्या कॅरॅव्हॅन पुढची गाडी मंदावली की तिला टेकतात आणि त्या दाबानेच त्यांचे ब्रेक लागतात. हिचे ब्रेक विजेवरचे. त्यासाठी ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ एक छोटा डबा बसवला होता, त्यावर एक चकती आणि एक खटका. चकती कमी ठेवली तर कॅरॅव्हॅन गाडीला ढकलणार, जास्त ठेवली तर तिची चाकं जाम होऊन गाडीला हिसका बसणार. तो हिसका थेट मेधाच्या पाठीत जायचा.

रविवारी बंद गोदामांच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही ते जुळवत बसायचो. तो बेताच्या वेगाने यायचा, खटका सरकवून फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावायचा आणि मी बाहेर थंडीत उभा राहून चाकं बघायचो. "लॉक झाली?" "झाली." चकती किंचित मागे, पुन्हा एक फेरी. असे पाच रविवार गेले. मग वेल्सला निघालो, मीही मागच्या सीटवर. निघण्याआधी वजन कमी व्हावं म्हणून मीच पाण्याची टाकी रिकामी करायला लावली होती. जुळवणी भरल्या टाकीवरची आणि कॅरॅव्हॅन आता हलकी, त्यामुळे पहिल्याच मोठ्या सिग्नलला तिची चाकं जाम होऊन जोरात हिसका बसला. मेधाने दाराची मूठ घट्ट धरली. "काही नाही, चला," ती म्हणाली. नंदूने पुढच्या राउंडअबाउटवरून गाडी घराकडे वळवली.

"अरे, ती स्वतः चला म्हणतेय ना?" मी वैतागलो.

"ती म्हणणारच, सुधीरदा."

घरी पोचल्यावर मी त्याला म्हणालो, "माझे एवढे रविवार गेले यात. यापुढे मला बोलावू नकोस." तो चिडला नाही. "तुम्ही दमलात. राहू द्या, मी करतो," एवढंच म्हणाला. पुढचे रविवार तो एकटाच गेला. गाडी चालवायची, ब्रेक लावायचा, उतरून जमिनीवरच्या टायरच्या खुणा बघायच्या, पुन्हा चढायचं. ऑगस्टमध्ये दोघं समुद्रावर जाऊन आले. मला फोटो दाखवले, मी छान म्हणालो. चुकलो हे म्हणायचं राहिलं, ते राहिलंच...

मेधाने ती कॅरॅव्हॅन लेस्टरच्या एका जोडप्याला विकली, गेल्या शनिवारी ती पोचवायची होती. मेधा म्हणाली, "मी पण येते." मी भीतभीतच तिला नंदूच्या गाडीत पुढे बसवलं. डब्याच्या वर नंदूने चिकटपट्टी लावून दोन आकडे लिहून ठेवले होते: टाकी भरलेली, टाकी रिकामी. मी रिकामीचा आकडा लावला आणि निघालो. गावातले सगळे राउंडअबाउट गेले, मोटरवे गेला, लेस्टरचे सिग्नल आले. प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना मी तिच्याकडे बघत होतो.

लेस्टरला पोचलो तेव्हा ती गाढ झोपली होती. घेणारी माणसं दारात येऊन उभी होती. मी त्यांना हातानेच जरा थांबायला सांगितलं आणि इंजिन बंद करून तसाच बसून राहिलो.