गोळ्या गिळायचं पाणी

"मागे सर गो. करटी धर."

मास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, ओटीवरूनच तांब्या कलता केला. खाली अंगणात शेवंतीमावशी उभी. एका मुठीत गोळ्या, दुसऱ्या हातात नारळाची करटी. अर्धं पाणी तिच्या मनगटावरून खाली गेलं. उरलं तेवढ्यात तिने एकेक करून सगळ्या गोळ्या गिळल्या. मग करटी धुऊन अंगणाच्या दगडी गडग्यावर उपडी घातली. धुवायचीही तिनेच.

मी ओटीवर, खुर्चीत. माझ्या हातात कपबशी.

मास्तर माझ्या शेजारी बसलेले. शाळेतून निवृत्त झालेले, गावात मान. क्षयाच्या रुग्णांना एक दिवसाआड समोर बसवून गोळ्या द्यायच्या, कार्डावर खूण करायची, हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. ते मला म्हणाले, "आजार पसरायला नको म्हणून तिची करटी वेगळी ठेवलीय. बरोबर ना, साहेब?"

"बरोबर," मी म्हणालो.

बरोबर नव्हतं. क्षय खोकल्यातून, हवेतून जातो. पाण्याच्या भांड्यातून जात नाही. हे लोकांना समजावणं हीच माझी नोकरी होती. आमच्या वाडीतला पहिला बी.एस्सी. मी. कंत्राटी का होईना, तालुक्यातल्या क्षयरोगाच्या कामावर देखरेख करणारा. गुडघ्यावर कातडी पिशवी, त्यात कार्डं. आणि शेवंतीमावशीच्या आधी दहा मिनिटं मास्तरांचा पुतण्या त्याच आजाराच्या गोळ्या त्याच ओटीवर बसून घेऊन गेला होता. त्याला स्टीलचा पेला. आतला.

म्हणजे करटी रोगाची नव्हती. करटी बौद्धवाडीची होती.

मीही बौद्धवाडीतलाच, खाडीपलीकडच्या गावचा. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. तेच आडनाव मराठ्यांतही आहे. मास्तरांनी मला विचारलं नाही, धरून चालले. मी दुरुस्त केलं नाही. पहिल्या दिवशी चहा आला, मी प्यायलो. दुसऱ्या खेपेला पोहे आले. मग सांगायची वेळ निघून गेली असं मी स्वतःला सांगितलं.

शेवंतीमावशीला सगळं ठाऊक होतं. हे गाव माझ्या आईचं माहेर, आणि ती आईची लहानपणची मैत्रीण. मला तिने कडेवर घेतलेलं. त्या दिवशी जाताना ती ओटीकडे बघून म्हणाली, "येतंय, साहेब."

साहेब. मला सांभाळून घेतलं तिने. मी मान हलवली, साहेबासारखी.

रुग्णाच्या घरी जाऊन भेटायचं, हा माझ्या कामाचा भाग. बाकी सगळीकडे मी जायचो. तिच्या वाडीत गेलो नाही. तिथे मला सगळे आईच्या नावाने ओळखत. माझी मोटारसायकल तिथे उभी दिसली असती तर मास्तरांच्या ओटीपर्यंत बातमी गेली असती. मी मास्तरांकडे कार्ड बघायचो. सगळ्या तारखांवर खुणा. गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजून पिशवीत. मी खाली सही करायचो. एकदा वाटलं, सगळ्या खुणा एकाच शाईच्या, एकाच बैठकीतल्या दिसतात. सही केली. महिन्याच्या बैठकीत माझ्या कामाचं कौतुक झालं.

दोन महिन्यांनी तिची थुंकी तपासली. जंतू जसेच्या तसे.

तेव्हा गेलो. ती पडवीत गोधडीवर बसली होती. बरगड्या दिसत होत्या. मला बघून आधी रस्त्याकडे बघितलं तिने, कोण बघत नाही ना म्हणून.

"मावशे, गोळयो घेतलंस काय नाय?"

"पयल्यांदा घेतलंय. मगे सोडलंय."

"कित्याक?"

"तां पाणी गळ्याखाली उतराक नाय रे झिला. गोळी अडकायची. मास्तरांक म्हटलंय, घराक घेऊन जातंय गोळयो. ते म्हणाले, नियम नाय."

नियम खरा होता. मीच मास्तरांना शिकवला होता.

"माका सांगूचा तरी."

"तुका खंय सांगू? तू तर वर खुर्चेर बसलेलंस." ती हसली, हसता हसता खोकला आला, पदरावर लाल डाग पडला. तो तिने मुठीत धरला आणि म्हणाली, "तुझ्याबद्दल कोणाक काय बोलूक नाय हां मी. नोकरी ऱ्हवली पायजे तुझी."

मी तिथून सरळ मास्तरांकडे गेलो. वहिनींनी सवयीने चहा आणला. मी कप हातात घेतला आणि म्हणालो, "मास्तर, शेवंती माझी मावशी. मी तिच्याच समाजाचा."

वहिनींनी माझ्या हातातून कप घेतला, दोन बोटांनी, आणि आत न नेता खालच्या पायरीवर ठेवला.

मास्तर म्हणाले, "तू हे आधी सांगायला हवं होतंस."

पाच मिनिटांपूर्वी मी 'तुम्ही' होतो. पण वाक्य खरं होतं. मी म्हटलं, "हो, आधीच सांगायला हवं होतं. म्हणजे तिने गोळ्या घेतल्या असत्या." मग विचारलं, "खुणा कोणी केल्या?" ते म्हणाले, "ती येईना. पाकिटं मीच रिकामी केली. कार्ड कोरं दिसलं असतं. तुझंच नाव खराब झालं असतं."

औषधांचे डबे मी उचलले, पुतण्याचाही, आणि तिच्या वाडीजवळच्या अंगणवाडीत नेऊन ठेवले. त्याच संध्याकाळी लिहून दिलं की या गावातल्या खुणा खोट्या आहेत, त्यांच्याखालची सही माझी आहे, आणि रुग्ण का थांबली तेही. अधिकारी म्हणाले, "जातीचं कशाला घालतोस यात? 'रुग्ण अनियमित' असं लिही." मी म्हटलं, "रुग्ण अनियमित नव्हती." कागद बदलला नाही.

शेवंतीमावशीचे उपचार पहिल्यापासून सुरू केले. गोळ्या मी स्वतः नेत होतो, तिच्याच तांब्यातल्या पाण्याने देत होतो. उशीर झाला होता. भात कापणीच्या आधी ती गेली. तिच्या अंगाखांद्यावर खेळणारी नात आता खोकते. नातीच्या कार्डावर आजार कुठून आला हे लिहायला रकाना नाही. मला ठाऊक आहे कुठून आला. माझ्या एका 'बरोबर'मधून.

मास्तरांना दोष देऊन मी सुटत नाही. त्यांना माहीत नव्हतं असं ते म्हणू शकतात. मला माहीत होतं. डिग्री होती.

तिची माफी मागायला आता ती नाही. दुसऱ्या कोणाकडे मी मागणार नाही. नव्या गावात गेलो की ओटीवर चढायच्या आधी माझी वाडी सांगतो, मग बसायला सांगायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. आणि ज्या दारात रुग्णाला अंगणात उभं करतात, तिथे औषधाचा डबा ठेवणार नाही. कंत्राट दर वर्षी संपतं. नूतनीकरण झालं नाही तरी चालेल. नातीच्या गोळ्यांना मी तिच्या घरी जातो, दिवसाढवळ्या, मोटारसायकल रस्त्यावर उभी करून.