तिसरा मजला

नांदेड स्टेशनाला लागूनच आमचं ऑफिस. गिलावा न केलेलं, नुसतं काँक्रीट. खिडक्यांपुढं ऊन अडवायला उभ्या पट्ट्या. बांधलं तेव्हा म्हणे लोक मुद्दाम बघायला यायचे. नवरा इथंच तिसऱ्या मजल्यावर क्लार्क होता. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, टेबलावरच त्याच्या छातीत कळ आली. लिफ्ट बंद होती, म्हणून त्याला जिन्यानं उतरवलं. "जागच्या जागीच गेला, त्रास झाला नाही," असं मला सांगण्यात आलं. पुढं अनुकंपेवर त्याच ऑफिसात, त्याच मजल्यावर मला नोकरी मिळाली.

यंदा सासूबाई मुखेडहून एसटीनं आल्या. लेक कुठं बसत होता ते त्यांना बघायचं होतं. गुडघे धरत त्या तीन मजले चढल्या. मी टेबल दाखवलं. त्यावर आता दुसऱ्याचा कॉम्प्युटर होता. सासूबाई खुर्चीत बसल्या नाहीत. टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या.

शेजारच्या टेबलावरचे जुने क्लार्क उठून उभे राहिले.

"तुमी व्हता का त्या दिवशी?" सासूबाईंनी विचारलं.

"हाव, आई. मीच उचललं त्यांना. आम्ही चौघं होतो."

"काही बोलला का?"

क्लार्कनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही. मलाही ऐकायचं होतं.

"दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम घ्यायला थांबलो, तेव्हा पाणी मागितलं. कुणाच्या हातात काहीच नव्हतं. म्हटलं, खाली गेल्यावर देऊ."

"मग?"

"खाली पोचेपर्यंत उशीर झाला."

सासूबाई रडल्या नाहीत. इतकी वर्षं ज्या एका वाक्यावर मी झोप काढली, ते खोटं होतं.

उतरताना त्या वळणावर सासूबाई पायरीवरच बसल्या. जेवणाची सुट्टी झालेली. माणसं कडेनं, अंग चोरून जात होती.

"तू रोज हितनंच चढतीस?"

"हाव."

"बदली मिळंना का?"

"न्हाई मिळत, आत्याबाई."

त्यांनी हात पुढं केला. मी त्यांना उठवलं.

मुखेडच्या गाडीत बसवून परत आले, तर साहेबांनी माझी अर्ध्या दिवसाची रजा मांडली होती. मी फाईल उघडून बसले.