मावशीचं इंग्रजी आणि आमची भीती

पवनीवाल्या मावशीला अवघ्या भंडारा जिल्ह्यात एकाच गोष्टीची भीती वाटायची, आणि दुर्दैवाने ती गोष्ट मी शिकवतो. इंग्रजी! एरवी न्हाणीत शिरलेल्या सापाला झाडूने बाहेर काढून वर "पुन्हा आला त पाह्य!" असा दम भरणारी ही बाई. कंबरेखालून लुळ्या पडलेल्या माझ्या बाबांना सांभाळायला ती लाखनीला आमच्याकडे आली, तेव्हा पहिल्याच दिवशी बाबांनी तिच्यावर पाण्याचा गिलास फेकला. तो हवेत झेलून ती म्हणाली, "अजून जोर लावा बाबाजी, हाताची कसरत होते." कुणालाही हात लावण्याआधी मात्र ती सांगणारच. "बाबाजी, कुशीवर फिरवून राहिली. भेऊ नोका." झोपलेल्या माणसालाही सांगायची. एकदा तर रिकाम्या गादीला "चादर काढून राहिली" असं बजावताना मी तिला ऐकलंय.

परदेशात म्हाताऱ्यांची काळजी घ्यायचं काम तिला मिळू घातलं होतं. अडसर एकच, फोनवरची इंग्रजी मुलाखत. मी तोऱ्यात शिकवणी सुरू केली. खुर्चीवर बसवलं की तिला घाम फुटायचा. "मास्तर, मले काहीच आठवून नाही राहिलं!" मला वेगळीच धडकी भरलेली. ही पास झाली तर बाबांचं काय? मी एकदा त्यांना वळवायला गेलो, तर बाबा होते तिथेच राहिले आणि मी भिंतीवर आपटलो.

मुलाखतीत फोनच्या पडद्यावरच्या मॅडमने इंग्रजीत विचारलं, पेशंट घाबरला तर काय म्हणाल? मावशी पदराने घाम पुसू लागली. फोन धरून बसलेलो मी तिच्याहून जास्त घाबरलो होतो. ती नापास होईल म्हणून की पास होईल म्हणून, देव जाणे. तेवढ्यात खाटेवरून बाबा ओरडले, "अवो बाई, मले फिरव वं!" अहो, नुकतंच तर फिरवलं होतं! मावशी सवयीने उठली, त्यांच्यावर वाकली आणि तिचं तोंड सुटलं. "बाबाजी, आय ॲम हिअर. आय विल टर्न यू. स्लोली. डोन्ट बी अफ्रेड." माणसाला उचलायची भाषा मी तिला खुर्चीवर बसवून शिकवत होतो! मी फोन तिच्याकडे वळवला. मॅडम हसत होत्या. बाबा छताकडे पाहत होते.

मावशी परदेशी गेली. आता बाबांना मीच फिरवतो. अजून घाबरतो, आणि त्या भीतीत सांगायचं राहूनच जातं. "सांगून त लाव बे हात," बाबा कुरकुरतात. मग माझी वाट न पाहता डोळे मिटतात आणि तिच्याच चालीत हळू म्हणतात, "स्लोली. डोन्ट बी अफ्रेड."